डबा मधल्या सुट्टीसाठी भरायचा असतो

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीत विश्रामबागला राहतात, बँकेत नोकरी करतात. मुलगी दुसरीत, मुलगा सातवीत. मुलाची शाळा सकाळी सव्वासातला, मुलीची साडेनऊला. मुलीचा डबा रोज अर्धा परत येतो. भाजी जशीच्या तशी, चपातीच्या फक्त कडा कुरतडलेल्या. मुलगा डबा रिकामा आणतो, पण "खाल्लास का रे?" असं विचारलं की नजर चुकवतो. सासूबाई म्हणतात चपाती-भाजीच द्या, मुलगी म्हणते मैत्रिणी नूडल्स आणतात. ताईंनी विचारलंय की नक्की देऊ काय, त्यात पौष्टिक किती असावं आणि सकाळच्या घाईत हे सगळं बसवू कसं.

ताई, मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते त्याला चोवीस वर्षं झाली. त्याआधी तीन वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. डब्यातल्या पदार्थांच्या याद्या तुम्हाला ढिगानं मिळतील, त्यामुळे तिथून सुरुवात करत नाही. आधी एक प्रसंग सांगते, कारण डब्याबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं त्या एका दुपारी कळलं.

माझा मुलगा तिसरीत असताना मी त्याला मोड आलेली कच्ची मटकी, त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू असं डब्यात द्यायची. माझ्या पुस्तकांप्रमाणे त्यात सगळं होतं. डबा रोज रिकामा यायचा आणि मला समाधान वाटायचं. तीन-चार महिन्यांनी त्याच्या बाई भेटल्या तेव्हा म्हणाल्या की तो मटकी शाळेमागच्या गाईला घालतो आणि मित्राच्या डब्यातली चपाती-साखर खातो. तेवढे महिने माझं पोर मित्राच्या आईच्या हातचं खाऊन जगलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी बाईंना विचारलं, "मी एक दिवस मधल्या सुट्टीत येऊन बसू का?" त्यांनी परवानगी दिली. तेव्हापासून जी शाळा येऊ देते तिथे मी जाऊन बसते.

व्हरांड्यात बसून घड्याळ लावून पाहा. सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाल्यावर रांग लावून हात धुवायला चार-पाच मिनिटं जातात. मग दप्तरातून डबा काढायचा. दुसरीतली पोरगी पोटाशी डबा धरून चार बाजूंच्या कड्या उघडायचा प्रयत्न करते. तीन उघडतात, चौथी नाही. ती बाईंकडे जाते. बाईंपुढे आधीच चार डबे रांगेत. तिचा डबा उघडेपर्यंत नऊ मिनिटं झालेली असतात. आत दोन अख्ख्या चपात्या, घडी घालून दाबून बसवलेल्या, आणि शेजारच्या कप्प्यात फ्लॉवरची रसभाजी. चपाती वाफेनं एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला चिवट झालेली. ती दोन्ही हातांनी ओढून तुकडा तोडते, भाजीत बुडवते, रस फ्रॉकवर सांडतो. ती इकडेतिकडे बघते. मैत्रिणी लंगडी खेळायला उठलेल्या असतात. ती चपातीच्या कडेचे मऊ राहिलेले दोन घास खाते आणि झाकण लावते. घरी आई म्हणते, पोरगी जेवत नाही.

तुम्ही लिहिलेला कुरतडलेल्या कडांचा तपशील वाचला आणि मला नेमकी हीच मुलगी आठवली. तुमच्या मुलीला भूक नाही असं मला वाटत नाही. डबा तुमच्या ओट्यावर तयार होतो, पण खाल्ला जातो त्या दहा-अकरा मिनिटांत, घरचं कुणी जवळ नसताना, सात वर्षांच्या बोटांनी, गार झालेला. म्हणून डबा त्या दहा मिनिटांसाठी भरायचा. माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे.

त्यामुळे पदार्थाच्या आधी डबा बघा. झाकण एका हाताच्या जोरानं उघडायला हवं आणि ताट-वाटी न लागता खाता यायला हवं. चार कड्यांचे डबे दिसायला छान असतात, पण मी पहिली-दुसरीच्या मुलांना ते सांगत नाही. साधा स्टीलचा चपटा डबा, आत एक छोटी सुटी डबी, बस. स्टीलला वास धरत नाही. झाकणाची रबरी रिंग मात्र आठवड्यातून एकदा काढून धुवा, तिच्या खाचेत आदल्या दिवसाचं तेल बसून राहतं आणि मुलं "डब्याला वास येतो" म्हणतात ती तक्रार खरी असते. वजनाचाही विचार करा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. तुमची मुलगी बावीस किलोची असेल तर सगळं मिळून सव्वादोन किलो होतं. त्यात तीन पुडाचा जाड डबा आणि लिटरभराची बाटली गेली की वह्या-पुस्तकांना जागाच उरत नाही.

आता वाफ. घाईत सगळ्यांच्या हातून हीच चूक होते: तव्यावरून चपाती काढली, तूप लावलं, डब्यात टाकली, झाकण लावलं. डब्याला आतून घाम येतो. ते पाणी चपातीवर उतरतं, ती चिकट होते, तिथेच आंबूस वास धरते आणि बाकीची कातडी होते. चपात्या दुरडीत किंवा जाळीवर एकावर एक न ठेवता पसरा. आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात मुलीची वेणी होते. भाजीचंही तसंच, ताटलीत पसरून निवू द्या आणि मगच भरा. फॉइलपेक्षा जुन्या धुतलेल्या सुती साडीचा चौकोनी तुकडा चांगला, तो जादा ओल शोषून घेतो. लिंबू, टोमॅटो, चिंच असलेलं काही तर फॉइलमध्ये गुंडाळूच नका, आंबटानं ॲल्युमिनियम अन्नात उतरतं.

पीठ मळताना वाटीभर कणकेला चमचाभर तेल आणि कोमट पाणी घ्या, अर्धा तास झाकून ठेवा. पण खरी टिकाऊ मऊ चपाती हवी असेल तर आपल्या आज्यांची दशमी करा. दुधात मळलेली कणीक, किंचित मीठ, हवा तर किसलेला गूळ. प्रवासाला, जत्रेला दशम्याच बांधून न्यायचे त्यामागे कारण होतं. शिजलेलं पीठ गार होताना त्यातला स्टार्च पुन्हा आवळतो आणि भाकरी-चपाती कडक होते; दुधातली आणि तुपातली चरबी ते आवळणं लांबवते. सकाळी सातला केलेली दशमी दुपारी बारालाही बोटानं तुटते. दुसरीतल्या मुलीसाठी दशमी पुरीएवढी छोटी लाटा, म्हणजे तोडायची गरजच पडत नाही. एक दशमी म्हणजे तीन-चार घास.

भाजी कोरडी आणि उचलता येईल अशी. इथे सासूबाईंचं म्हणणं मला मान्य आहे, चपाती-भाजीत काही खोट नाही. फक्त ती आकारानं बदलायला हवी. आपल्या भागात यासाठी बाहेर शोधावं लागतच नाही. झुणक्याच्या वड्या घ्या. बेसन, ओवा, तीळ, हिरवी मिरची कमी करून, घट्ट शिजवायचं, तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायचं, वरून खोबऱ्याऐवजी तीळ-कोथिंबीर. निवल्या की सुरीनं काप पडतात, बोटानं उचलता येतात, सांडत नाहीत, गार छान लागतात. मेथीची भाजी तशीच दिली तर परत येते, तीच मेथी धपाट्यात गेली की संपते. दुधी, गाजर, कोबी हे सगळं धपाट्याच्या पिठात जातं. घेवड्याची उसळ कोरडी परतून, मटकी सुकी परतून, त्यात शेंगदाण्याचं कूट. मटकी मी आता शिजवूनच देते. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते, त्यामुळे कच्चे मोड बंद डब्यात तासन्तास ठेवणं बरं नाही. ते मला माझ्या मुलाच्या वेळी कळायला हवं होतं.

"पौष्टिक किती" याचं एक सोपं माप देते. सरकारी शाळांमधली दुपारची पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २०२१ पासून तिला पीएम पोषण म्हणतात. तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. तुमची मुलं खासगी शाळेत असली तरी पोट तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे डबा हा दिवसाच्या चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त झाला.

हे ऐकायला मोठं वाटतं म्हणून तुमच्याच ओट्यावर मोजू. साठ ग्रॅम कणकेच्या दोन छोट्या चपात्या म्हणजे साधारण २०० कॅलरी, सहा-सात ग्रॅम प्रथिनं. मूठभर, म्हणजे कोरडी तीस ग्रॅम मटकी, तिची सुकी उसळ चमचाभर तेलात: दीडशेच्या आसपास कॅलरी, सहा-सात ग्रॅम प्रथिनं. दोन चमचे शेंगांची चटणी, पन्नासेक कॅलरी. वर सुपारीएवढा शेंगा-गुळाचा लाडू. चारशे पन्नास कधीच ओलांडले आणि प्रथिनं पंधरा ग्रॅमवर गेली. ना कसली पावडर, ना महागडा बार. आपल्याकडे शेंगा, गूळ, तीळ, हुलगे, मटकी हे सगळं घरात असताना डबा अपुरा पडतो तो पदार्थांमुळे नाही, परत येतो म्हणून पडतो. अर्धा खाल्लेला उत्तम डबा हा पूर्ण खाल्लेल्या साध्या डब्यापेक्षा कमीच.

लोहाबद्दल मात्र मी थोडी हट्टी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. ती मुलं पुढे पहिली-दुसरीत येतात. पेंगणं, लक्ष न लागणं, भूक मरणं ही त्याचीच रूपं. डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण त्याच घासात क जीवनसत्त्व असेल तर कितीतरी चांगलं शोषलं जातं. उसळीवर लिंबू पिळायला म्हणून विसरू नका. शिजवताना नाही, निवल्यावर. थंडीत पेरूच्या चार फोडी द्या. उलट चहा हे शोषण अडवतो. आपल्याकडे सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत जाणारी पोरं घरोघरी आहेत. चहा बंद करणं जमत नसेल तर निदान जेवणाशी लावू नका, तासाभराचं अंतर ठेवा. आणि मूल सतत मलूल दिसत असेल, माती-खडू खात असेल, तर डब्यात बदल करत बसू नका, डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तिळात त्याच्या तिपटीहून जास्त. नाचणीचं धिरडं गार झाल्यावर थोडं चिवट होतं, म्हणून तिसरा हिस्सा तांदळाचं पीठ आणि ताक घाला.

भाकरीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो मला सांगायचाच आहे. एका शाळेत पाचवीच्या वर्गात बसले होते. भिंतीकडेच्या बाकावर एक मुलगी डब्याचं झाकण उभं धरून, पडद्यासारखं, त्याच्याआड भराभर खात होती. मला वाटलं हिला जेवण आवडत नसेल. सुट्टी संपली तेव्हा त्या ओळीत पूर्ण रिकामा झालेला डबा फक्त तिचाच होता. आत बाजरीची भाकरी आणि कारळ्याची चटणी होती. जतकडचं घर, कामासाठी सांगलीत आलेलं. नंतर तिच्या आईशी बोलले तर त्या माउलीनं ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यापासून ब्रेड-जाम द्यायचा, कारण मुलगी म्हणते "भाकरी काळी दिसते, पोरी बघतात." मी म्हटलं, भाकरी थांबवू नका. तिला भाकरी नकोशी झाली नव्हती, बघणारे डोळे नकोसे झाले होते. आम्ही भाकऱ्या बदलल्या त्या फक्त आकारानं: पुरीएवढ्या, दोन्ही बाजूंनी तीळ लावून, भोगीला करतो तशा, तव्यावर जरा खरपूस. आठवड्यानं ती मुलगी सांगत आली की मैत्रिणी रोज एक मागतात म्हणून आईला आता सहा कराव्या लागतात.

ज्वारी-बाजरीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं, म्हणून गार झाली की भाकरी तडकते. डब्यासाठी पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, किंवा सरळ धपाटं करा, त्यात थोडं बेसन आणि कणीक असते म्हणून ते मऊ राहतं. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात पिकणारं धान्य मुलांना डब्यात उघडपणे खाता यावं एवढं तर आपण करू शकतो.

आता काही गोष्टी सुरक्षिततेच्या, यात तडजोड नको. अन्न कोमट अवस्थेत, साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे, जितका वेळ राहील तितके जिवाणू वाढतात. म्हणून "गरम राहणारा" म्हणून घेतलेल्या डब्यात कोमट अन्न भरणं हे सगळ्यात वाईट. उष्णतारोधक डबा वापरायचाच असेल तर आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता, मग वाफाळतं अन्न भरा. नाहीतर पूर्ण निववून कोरडं द्या. भाताबाबत विशेष सांगते. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाच्या उष्णतेतही जगतात. रात्रीचा भात ओट्यावर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा फोडणी देऊनही नष्ट होत नाही. रात्रीच्या राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात घरी लगेच खाणं वेगळं (तोही रात्रीच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर) आणि तोच डब्यात चार तास कोंडणं वेगळं. डब्यात नको. मार्च उजाडला की मी ओलं खोबरं, बटाट्याची ओलसर भाजी, मेयोनेज, दूध घातलेलं ओलं काहीही डब्यातून काढून टाकायला सांगते. सांगलीचा एप्रिल आणि बंद दप्तर, त्यात हे पदार्थ टिकत नाहीत.

आणि द्राक्षं. आपल्या जिल्ह्याचं फळ, हंगामात घरी पेटी येते, डब्यात मूठभर टाकणं सोपं. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका, लांबीच्या बाजूनं चार काप करून द्या. गोल, गुळगुळीत, श्वासनलिकेत बरोब्बर बसेल असा त्याचा आकार असतो. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणेही त्या वयात नकोत, कूट किंवा चटणी चालेल. तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तिला अख्खं चालेल, पण पळत खायचं नाही हे सांगून ठेवा. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नुसती बुडवून काढू नका. हंगाम नसेल तेव्हा तासगावचे बेदाणे आहेतच, चमचाभर, गोड खायची इच्छा भागते. ते दातांना चिकटतात, म्हणून नंतर चूळ भरायची सवय लावा.

आता मुलाकडे वळते, कारण त्याची काळजी मला जास्त वाटते. सातवीतला मुलगा, बारा वर्षांचा. दहा ते बारा वयाच्या मुलाची दिवसाची गरज २२०० कॅलरींच्या वर आणि ३२ ग्रॅम प्रथिनं. सव्वासातच्या शाळेला तो बहुधा उपाशीच जात असणार. रात्री आठला जेवला असेल तर पहिली सुट्टी होईपर्यंत चौदा तास पोट रिकामं. डबा रिकामा येतो आणि नजर चुकते, तेव्हा तीन शक्यता असतात. एक, डबा मित्रांत वाटला जातो आणि तो बाहेरचं काही खातो. दोन, मोठी मुलं डबा काढून घेतात आणि सांगायची त्याला लाज वाटते. तीन, तो फेकतो. कुठली आहे ते ओरडून कळणार नाही. माझ्या मुलाला मी ओरडले होते तेव्हा त्यानं महिनाभर मला काहीच सांगितलं नाही. त्याच्याबरोबर गाडीवरून कुठेतरी जाताना, समोरासमोर न बसता, विचारा, "तुमच्या वर्गात सगळ्यात भारी डबा कुणाचा असतो?" आपल्या डब्याबद्दल मुलं बोलत नाहीत, दुसऱ्याच्या डब्याबद्दल भरभरून बोलतात, आणि त्यातून आपल्या डब्याचं काय होतं ते आपोआप बाहेर येतं. डबा काढून घेतला जात असेल तर वर्गशिक्षकांना भेटा, हा जेवणाचा प्रश्न राहत नाही.

सकाळी साडेसहाला या वयातल्या पोरांना खरंच जेवण जात नाही. जबरदस्ती करू नका. एक केळं आणि शेंगा-गुळाचा लाडू, किंवा कपभर दुधात नाचणीचं सत्त्व, उभ्या उभ्या होईल एवढंच. घरात अंडी चालत असतील तर एक उकडलेलं अंडं. त्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. डब्यात उकडलेलं अंडं बंद राहून वास मारतं आणि काही शाळांना चालत नाही, म्हणून ते सकाळीच खाऊ द्या. आणि त्याच्या डब्यात चपात्या दोनाच्या तीन करा. बारा वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या बहिणीएवढाच डबा दिला जातो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. एक चपाती जास्तीची मित्रासाठी समजा. डबा वाटून खाणं थांबवायला मी कुणालाही सांगत नाही. फक्त कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ते मुलांना स्पष्ट माहीत हवं.

नूडल्सचं काय? आठवड्यातून एकदा, शुक्रवारी म्हणा, त्यात अर्ध्याहून जास्त भाज्या आणि पाकिटातला मसाला अर्धाच, असं मी चालवून घेते. "कधीच नाही" म्हटलेला पदार्थ मूल मैत्रिणीच्या डब्यातून खातंच. पण गार नूडल्सचा गोळा होतो, तोही बहुतेक वेळा अर्धा परत येतो हे एकदा तिला स्वतः बघू द्या. शेवया भाज्या घालून केल्या, वरून लिंबू आणि कूट, तर त्या सुटसुटीत राहतात. पाच-दहा रुपयांच्या पाकिटांबद्दल एवढंच सांगते की अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी आहे. पालकसभेत हा विषय काढा, शाळा ऐकतात. भूक लागली तर खायला डब्याच्या छोट्या डबीत भडंग टाका, कमी तेलाचं, त्यात शेंगदाणे, डाळं आणि कढीपत्ता भरपूर.

वेळेबद्दल. तुम्ही बँकेत जाता, दोन वेगवेगळ्या वेळांचे डबे, हे सोपं नाही आणि ते एकटीनं करायचं कामही नाही. रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून, मटकी मोड आणून ठेवलेली. रविवारी तासभर काढून शेंगांची चटणी, लाडू आणि धपाट्यांचं कोरडं मिश्र पीठ करून ठेवा. हे तीनही आठ-दहा दिवस आरामात टिकतं. डबा निववून भरणं, बाटली भरणं आणि संध्याकाळी डबा धुणं हे मुलांच्या बाबांकडे आणि सातवीतल्या मुलाकडे द्या. स्वतः भरलेला डबा मूल सहसा फेकत नाही. दोन्ही मुलांना एकच पदार्थ द्या, मुलाला सकाळी साडेसहाला आणि मुलीसाठी तोच झाकून ठेवून नंतर भरा. रोज नवा पदार्थ हवा असं मुलं म्हणत नाहीत, ते आपणच ठरवतो. चार-पाच पक्के पदार्थ आलटून पालटून पुरतात.

एक गोष्ट पालक विचारत नाहीत म्हणून मीच विचारते: तुमची मुलगी शाळेत पाणी पिते का? बाटली भरलेलीच परत येत असेल तर तिला विचारा, शाळेतलं स्वच्छतागृह कसं आहे, कडी लागते का. कितीतरी मुली तिथे जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मग पोट साफ होत नाही, भूक मरते, आणि आपण पदार्थ बदलत बसतो. माझ्याकडे "जेवत नाही" म्हणून आलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या बाबतीत मूळ दुखणं हे निघालं. तसं असेल तर सकाळी उठल्यावर कोमट पाणी, रात्री भिजवलेले चार-पाच बेदाणे, आणि शाळेशी बोलणं, या क्रमानं जा.

या रविवारी मुलीला जेवणाच्या वेळी तिचा शाळेचाच डबा भरून द्या, सकाळी आठला भरलेला, साडेअकराला उघडायचा. गॅलरीत मांडी घालून बसवा, ताट-वाटी काही देऊ नका, आणि तुम्ही जरा लांब बसून बघा: झाकण किती वेळात उघडतं, पहिला घास कशाचा घेते, काय बाजूला सारते, कुठे थांबते. त्यानंतर काय दिसलं ते मला लिहा, म्हणजे सोमवारचा डबा आपण दोघी मिळून ठरवू.